फरशीवरची बाई

तो नट पहिल्यांदा पडद्यावर आला आणि सिंधुबाईंनी शेजारी बसलेल्या पल्लवीचं मनगट घट्ट धरलं.

मोटारसायकलला किक मारायच्या आधी त्यानं गळ्यातला पंचा कॉलरच्या आत खोचला, आरशात बघितलं आणि उगाचच केसांवरून हात फिरवला. मनोज अगदी असंच करायचा. शनिवारी दुपारी सातपूरच्या कंपनीतून सुटला की नाशिकच्या सिडकोतल्या घरी यायचा, उभ्या उभ्या चहा घ्यायचा आणि बायकोकडे हरसूलला निघायचा. सिंधुबाई दारातून ओरडायच्या, "अरे, बसून पी, ठसका लागंल!" पण तोवर गाडी गल्लीच्या टोकाला गेलेली असायची. मनोजला जाऊन आठ वर्षं झाली होती.

"हर्षलनं शिकवलंय त्याला," पल्लवी आईच्या कानाशी लागून म्हणाली. "एकेक लकब बसवून घेतलीय."

सिंधुबाईंचं लक्षच नव्हतं. त्या पुढं झुकून बघत होत्या, जणू थोडं आणखी पुढं सरकलं तर हात लागेल.

भद्रकालीतलं ते जुनं थिएटर मनोजच्या धाकट्या भावानं, हर्षलनं, एका सकाळपुरतं मिळवलं होतं. त्यानं मनोजवर काढलेला पिक्चर महिनाभरानं लागणार होता, पण त्याआधी घरच्यांनी बघावा हा त्याचा हट्ट होता. मधल्या रांगेत सगळे बसले होते: सिंधुबाई, त्यांची लेक पल्लवी, त्यांचे यजमान रंगनाथ, त्यांच्या पलीकडे मनोजची मुलगी सृष्टी आणि अगदी कडेला सृष्टीची आई, मीना. हर्षल बसलाच नव्हता. तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता आणि पडद्याऐवजी या पाच डोक्यांकडे बघत होता.

आणखी एक माणूस होता. दोन रांगा मागं, पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. मीनाबरोबर सकाळच्या एसटीनं तोही हरसूलहून आला होता. आत येताना त्यानं सिंधुबाईंना नमस्कार केला होता. मीना नर्स असलेल्या दवाखान्यातला कुणी असेल, असं समजून त्यांनी मान हलवली होती.

मध्यंतरात दिवे लागले. चहा आला. सृष्टी आजीच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली.

"आजी, पप्पा असे होते?"

"अस्से! डिट्टो." सिंधुबाईंनी तिला जवळ ओढलं. "अशीच छाती, अशीच उंची. चालला की जमीन हलायची."

"एवढे उंच नव्हते गं," मीना कडेनं म्हणाली. "माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. आणि त्यांना गाणं येत नव्हतं."

तिनं ते सहज म्हटलं होतं, पण सिंधुबाईंच्या कपाळाला आठी पडली. "येत नव्हतं कसं? लहानपणी इंचूरला गणपतीत म्हणायचा की." विंचूर सोडून शहरात आल्याला वीस वर्षं होत आली, तरी गावाचं नाव त्या अजून गावातल्यासारखंच घ्यायच्या. मग त्यांची नजर मागं गेली. "तो कोण गं तुझ्यासंगं आलेला? एकटाच बसलाय बिचारा."

"गोटीराम गुरुजी. आश्रमशाळेवर आहेत. मीच बोलावलं त्यांना."

"बरं केलं. गावाकडून कुणीतरी पाह्यला पाहिजेच."

रंगनाथ चहाचा कप खाली ठेवून घाईनं म्हणाले, "चला, बसा. सुरू व्हायची वेळ झाली." सुरू व्हायला अजून अवकाश होता.

*

मीना रुमाल घेऊन आली होती. आपण रडणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. पण अर्धा पिक्चर झाला तरी रुमालाची घडी मोडली नव्हती आणि त्याचीच तिला धास्ती वाटायला लागली होती.

पडद्यावरची नर्स देखणी होती. तिची साडी उपकेंद्रात दिवसभर राबूनही चुरगळत नव्हती. तिचा नवरा नदीकाठी गाणी म्हणत होता, तिच्या केसांत रानफुलं माळत होता. मीनाला आठवला तो मनोज भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, पाच मिनिटांनी स्वतःच ते ओढून घ्यायचा आणि बोटं चाटत जेवायचा. तो घोरायचा. हरसूलच्या बाजारात नाचणीवरून घासाघीस करायचा आणि जास्तच भाव देऊन यायचा. आदिवासी महादेव कोळ्याच्या पोरीशी लग्न करतोय म्हणून आईनं दोन वर्षं तोंड बघितलं नाही, तेव्हा हाच माणूस रात्र रात्र गप्प बसून राहायचा. त्याला तिनं जीव लावला होता. पडद्यावरच्या या गोड माणसाशी तिची ओळख नव्हती.

फक्त एकदा तिनं कान टवकारले. शनिवारची संध्याकाळ, नर्स चुलीपुढं, आणि लांबून चढावर येणारी मोटारसायकल. वळणावर इंजिनाचा आवाज दबतो आणि मग एकदम मोकळा होतो. तो आवाज खरा होता. मीनानं डोळे मिटून घेतले आणि तेवढा वेळ मनोज खरंच आला.

मग श्रावणातला तो दिवस आला. घाट उतरल्यावर हरसूलच्या अलीकडे रस्ता नदीतूनच जातो. पुलाच्या नावानं पाण्याच्या पातळीवर सिमेंटची फरशी तेवढी आहे. फरशीवरून लाल पाणी वाहत होतं. पडद्यावरच्या मनोजनं वाहून जाणाऱ्या एका म्हातारीला वाचवलं आणि मग तो गेला. खऱ्या मनोजनं कुणाला वाचवलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, निघून जाईल गाडी.

आणि शेवट. वर्षं उलटतात. दर श्रावणात ती नर्स काळी छत्री घेऊन फरशीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. केस पिकतात. पाणी वाढतं, ओसरतं. ती उभीच. कॅमेरा वर वर जातो आणि ती एक ठिपका होते.

दिवे लागले. सिंधुबाई उठल्या, धडपडत मागच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि हर्षलचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझा मनोज आणून दिला रे तू मला. माझं लेकरू आणून दिलं." मग त्या मीनाकडे वळल्या. तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि ही माझी सून. मी हिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. पन हिनं दाखवलं! जन्म काढू राहिली त्याच्या नावावर. आता अख्खा जिल्हा बघंल. सृष्टी, बघ, तुझी आई कशी बाई हाय."

सृष्टी आईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एवढा अभिमान होता, की मीनाला तो सोसवेना. रंगनाथांनी लांबूनच मान हलवली. नको, आज नको. पिक्चर लागल्यावर बोलू, असं त्यांचं ठरलं होतं. पण आज गप्प बसलं, तर उद्या ही पोर त्या ठिपक्यालाच आई समजेल.

"आई," मीना म्हणाली, "मी लग्न करणार आहे. या माघात."

सिंधुबाईंचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.

"काय बोलू राहिली तू?"

"गोटीराम गुरुजींशी. त्यांची बायको चार वर्षांमागं कावीळ होऊन गेली. मूलबाळ नाही. मी आज सांगणार नव्हते, आई, पण तुम्ही जे म्हणालात ते ऐकून मला राहवेना."

मागच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला. "मावशी, मी बाहेर थांबतो," एवढंच म्हणाला आणि पिशवी घेऊन दाराकडे गेला. त्याच्या चपलांचा आवाज थिएटरभर घुमला.

"वहिनी, आज?" पल्लवी पुढं आली. "आजचाच दिवस मिळाला? आईची अवस्था दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतेय ताई."

"मग?"

"सृष्टीसमोर खोटं कसं घेऊ अंगावर?"

सिंधुबाई नवऱ्याकडे वळल्या. रंगनाथ खुर्चीच्या पाठीवर बोट फिरवत होते. चाळीस वर्षांच्या संसारात सिंधुबाईंना एवढं कळत होतं. "तुम्हाला ठाऊक व्हतं."

"दसऱ्याला हरसूलला गेलो व्हतो. देवराम व्याह्यांनी सांगितलं."

"अन् माझ्याशी बोलला नाय?"

"काय बोलणार व्हतो? तू ऐकून घेतलं असतं?"

"नसतंच घेतलं!" त्यांचा आवाज चिरकला. "कोणती आई ऐकून घेईल?"

हर्षल इतका वेळ भिंतीपाशीच होता. आता तो चालत आला आणि मीनासमोर थांबला.

"वहिनी, तीन वर्षं मी दुसरं काही केलं नाही. हा पिक्चर तुमच्यावर आहे. पोस्टरवर लिहिलंय, खऱ्या प्रेमाची खरी गोष्ट. लोक बघणार, ती बाई जन्मभर उभी राहिली. आणि बाहेर येऊन विचारणार, ती आता कुठाय? काय सांगू मी? तिनं दुसरं लग्न केलं म्हणून सांगू?"

"भाऊजी, मी कधी उभी राहिले तिथं?"

"म्हणजे?"

"त्या फरशीवर. दर श्रावणात, छत्री घेऊन. मी एकदाही उभी राहिलेली नाही. दिवसपाणी झालं आणि पुढच्या सोमवारी मी ड्यूटीवर गेले. लसीकरण होतं, पाड्यावरच्या बाया लेकरं घेऊन येऊन बसल्या होत्या. मला रडायला घर होतं. ती फरशी मी एसटीत डोळे मिटून ओलांडते, भाऊजी, अजून." तिचा आवाज खाली आला. "तिथं तुम्ही उभे राहता. दरवर्षी. आमच्या दवाखान्यातली बयाबाई तुम्हाला बघते. ती पहिल्यांदा सांगत आली, तेव्हा मी निघाले होते तुम्हाला घरी आणायला. मग वाटलं, नको, एकट्यानं रडू द्यावं. तुम्ही काळी छत्री घेऊन येता आणि अंधार पडेपर्यंत उभे असता. ही बाई मी नाही. ते तुम्ही आहात."

वर प्रोजेक्टरच्या खोलीत कुणीतरी रीळ गुंडाळत होतं, त्याची घरघर तेवढी येत होती.

हर्षल वळला आणि जवळजवळ पळतच बाहेर गेला.

*

बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन होतं. गोटीराम समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता. हर्षलला त्याच्या अंगावर जायचं होतं, निदान चार शब्द सुनावायचे होते. पण जवळ गेल्यावर तो नुसता उभा राहिला. गोटीरामनं टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

"कसा वाटला पिक्चर?" हर्षलनं विचारलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"चांगलाय. पाणी बरोबर दाखवलंय. त्या दिवशी असंच व्हतं."

"तुम्ही होता?"

"अख्खा गाव व्हता. दोर लावून शोधत व्हतो." गोटीरामनं कप हातात फिरवला. "खालच्या वळणावर उंबराच्या मुळ्यांत अडकले व्हते. मी अन् गावातल्या चिमाजीनं काढलं."

हर्षल त्याच्या हातांकडे बघत राहिला. आठ वर्षांत त्यानं कुणालाच हे विचारलं नव्हतं. घरी आणलं तेव्हा सगळं चादरीत गुंडाळलेलं होतं, आणि वडील, नाना, म्हणाले होते, नको बघू.

"चेहरा कसा होता?" त्यानं विचारलं.

गोटीराम म्हणाला, "डोकीला लागलं व्हतं. चेहरा नीट व्हता. दमून झोपल्यासारखा. मी मातीबिती पुसली पंच्यानं. मग मीनाताई आल्या." त्यानं स्वतःचा कप खाली ठेवला. "तेव्हा ताईच म्हणायचो."

हर्षल टपरीच्या बाकावर बसला. गोटीरामनं त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेऊन बाजूला ठेवला. भर रस्त्यात, रिक्षांच्या कलकलाटात, हर्षल गुडघ्यांत डोकं घालून रडला. पोस्टमॉर्टेमच्या वेळी, दहाव्याला, वर्षश्राद्धाला, कधीच तो असा रडला नव्हता. गोटीराम शेजारी बसून राहिला. त्यानं पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही.

*

दुपारी सिडकोतल्या घरात कुणाच्या पोटात नीट अन्न गेलं नाही. मीना मागच्या खोलीत सृष्टीचे कपडे घड्या घालत होती. आज मुक्काम करून उद्या जायचं, असं तिचं ठरलं होतं. गोटीराम दोन वाजताच्या गाडीनं एकटाच परत गेला होता.

सिंधुबाई मनोजच्या फोटोखाली बसल्या होत्या. रंगनाथ समोरच्या खुर्चीत.

"पोर नेणार ती माझी," सिंधुबाई म्हणाल्या. "ती बोलली नाय, पण नेणार. चार महिन्यांची व्हती तेव्हापासून मी वाढवली. मीना ड्यूटीवर, पोर माझ्या पोटाशी. सगळं दुखणंखुपणं मी काढलं. आता त्या गुरुजीच्या दारात नेऊन टाकणार?"

"आईच हाय ती तिची, सिंधू."

"अन् मी कोण?"

रंगनाथांनी खुर्ची जवळ ओढली. ते म्हणाले, "दसऱ्याला गेलो ना, तेव्हा बाजाराचा दिवस व्हता. मीनाचं अन् त्या गोटीरामाचं भांडण चाललं व्हतं. कोंबडीवरनं का कशावरनं. अन् मधीच ती हसली. लांबून ऐकलं मी. मला आधी कळलंच नाय कोण हसतंय. आठ वर्षांत आपल्या घरात ती अशी कधी हसलीच नाय, सिंधू. मनोज व्हता तेव्हा हसायची."

"मग मी काय करू? हसू नको म्हणले व्हते का मी?"

"नाय. पण या फोटोखाली कोण हसणार?"

सिंधुबाई ताडकन उठल्या. मागच्या खोलीच्या दारात जाऊन त्यांनी हाक मारली, "सृष्टी! इकडं ये. मला सांग, तुला कुणाकडं राह्यचं? आजीकडं का हरसूलला?"

सृष्टी उठली, पण पुढं आली नाही. तिची नजर आजीवरून आईवर, आईवरून आजीवर गेली. मीना घडी घातलेला फ्रॉक हातात धरून उभी होती.

"आई, बास!" पल्लवी स्वयंपाकघरातून आली. सकाळी थिएटरात ती आईच्या बाजूनं तावातावानं बोलली होती. आता तिनं सृष्टीला मागं घेतलं आणि स्वतः मधे उभी राहिली. "तिला विचारायचं नाही. लेकराला असं विचारतात? नाना आणि तू भांडायचात, तेव्हा मला विचारायचीस, आठवतं? बाप पाहिजे का आई. मी रात्रभर झोपायची नाही."

"पल्ले, तू बी तिच्याकडून?"

"मी कुणाकडून नाही. सृष्टीकडून आहे."

सिंधुबाईंनी लेकीकडे असं बघितलं, जणू त्या तिला पहिल्यांदाच बघत होत्या. मग स्वयंपाकघरात गेल्या.

हर्षल घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. चेहरा सुजलेला, शर्टाला धूळ. तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. सिंधुबाई तव्यावर भाकरी टाकत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

"बस. खाऊन घे."

तो पाटावर बसला. त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली, वर पातीच्या कांद्याची भाजी. मग हातातलं उलथनं तसंच धरून विचारलं, "तू दरसाल जायचा तिकडं? फरशीवर?"

"हो."

"आम्हाला म्हणायचा, शूटिंगसाठी जागा बघायला चाललो. मित्राकडं चाललो."

"हो."

"मला का नाय सांगितलं कधी? मी आले असते."

हर्षलनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "सांगायला यायचो, आई. दोनतीनदा आलोही. तू फोटोसमोर बसलेली असायचीस. मग वाटायचं, आत्ता नको."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सिंधुबाईंना वास आला, पण हात हलला नाही. हा पोरगा बत्तीस वर्षांचा झाला होता. स्थळं येत होती, तो नाही म्हणत होता, आणि त्या लोकांना सांगत होत्या, त्याला पिक्चरचं वेड आहे म्हणून. याच्या कानाशेजारी केस पांढरे झालेले त्यांना आज, या पिवळ्या दिव्यात दिसले. मोठ्या भावाचं दुःख हा पाठीवर घेऊन हिंडत होता आणि आईला त्याचा मागमूसही नव्हता.

त्यांनी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मला एकच लेक व्हता अन् तो गेला, असं झालं व्हतं रे," त्या म्हणाल्या. "दुसरा घरात हाय, एवढं बी राह्यलं नाय ध्यानात."

"आई, असं नको बोलू."

"बोलू दे. सकाळपासून सगळे मलाच ऐकवू राहिले. आता मी बोलते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "ती वाईट नाय. ते मला बी कळतं. पण ती गेली ना, तर मनोज पुन्हा जाईल. एवढंच माझं."

दारात मीना उभी होती. ती कधी आली, ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती आत आली आणि सिंधुबाईंच्या शेजारी बसली.

"मी त्यांना विसरून नाही चालले, आई. गुरुजींना ते माहीत आहे. पण मी सदतीस वर्षांची आहे. घरी परत आल्यावर कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. आज दवाखान्यात काय झालं, कोणाचं मूल वाचलं, कोणाचं नाही. एवढंच हवंय मला."

सिंधुबाईंनी ताट हर्षलकडे सरकवलं.

"आणि पोर?"

"परीक्षा होईपर्यंत इथंच. मग तिथं शाळेत घालीन. सुट्ट्या सगळ्या तुमच्याकडे. मी शब्द देते."

"मी येणार नाय लग्नाला," सिंधुबाई म्हणाल्या. "मला जमायचं नाय ते. माझ्याकडून अपेक्षा करू नको."

"नाही करत."

"नाना येतील." आणि मग, चरफडत, "हर्षल, खा ना रे! गार झाली ती."

*

हर्षलनं पिक्चरचा शेवट बदलला. फरशीवरचा सगळा भाग त्यानं काढून टाकला. त्याच्या माणसांना ते पटलं नाही, वितरक तर चिडलाच. "रडवत रडवत नेलंत आणि ऐनवेळी बाईला नोकरीवर पाठवता? लोक काय घेऊन घरी जातील?" हर्षलनं वाद घातला नाही. नव्या शेवटात ती नर्स सोमवारी सकाळी दवाखान्याचं कुलूप काढते, बाकावर बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात, आणि ती पहिल्या बाळाचा दंड हातात घेते. बस. पोस्टरवरची ती ओळही त्यानं खोडायला लावली. पिक्चर नाशकात दोन आठवडे चालला, इतरत्र फारसा चालला नाही. हर्षलला त्याचं वाईट वाटलं, पण जितकं वाटेल असं त्याला वाटलं होतं तितकं नाही. पुढच्या श्रावणात तो हरसूलला गेला तेव्हा फरशीवर थांबला नाही. सरळ मीनाच्या घरी गेला आणि दुपारभर गोटीरामबरोबर गळकी कौलं बदलत बसला.

लग्न माघात मीनाच्या वडिलांच्या, देवरामच्या अंगणात झालं. रंगनाथ गेले, हर्षल आणि पल्लवी गेले. सिंधुबाई गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि घरातली सगळी भांडी घासून काढली.

परीक्षा संपल्यावर सृष्टी गेली. घर इतकं शांत झालं, की रंगनाथ रेडिओ लावून ठेवायला लागले. सिंधुबाईंना सकाळी उठल्यावर दोन वेण्यांच्या रिबिनी शोधायची सवय होती. त्या उठायच्या, कपाटापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मीनाचा दर रविवारी फोन यायचा. त्या सृष्टीशी बोलायच्या, मीनाशी दोन शब्द बोलायच्या. त्या घरात तिसरं माणूस आहे, असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी रंगनाथ विंचूरच्या बाजारात गेले होते. पल्लवीचा निरोप आला, हरसूल बाजूला तापाची साथ आहे, वहिनी रात्रंदिवस दवाखान्यात आहे. पोरीला ताप असेल का? जेवली असेल का? केस कोण विंचरत असेल? त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीवर लिहिलेला नंबर बघून स्वतःच फोन लावला. असा फोन त्यांनी कधी लावला नव्हता. नेहमी रंगनाथ लावून द्यायचे.

बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"हॅलो? कोण?"

सिंधुबाईंनी भिंतीवरचा नंबर पुन्हा वाचला.

"हॅलो, मी गोटीराम बोलतोय. कोण पाहिजे?"

मागं सृष्टीचा आवाज येत होता. ती मोठ्यानं पाढे म्हणत होती, सतराच्या पाढ्यात अडखळत होती. तिची तब्येत बरी होती. एवढं कळलं, म्हणजे आता फोन ठेवला तरी चाललं असतं. सिंधुबाईंनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर केला. समोरच्या भिंतीवर मनोज हसत होता.

त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"मी नाशिकहून बोलतेय," त्या म्हणाल्या. "सृष्टीची आजी. तुम्ही... जेवला का, जावईबापू?"